न्हाणीघरातला लाइट आणि बटण: दुकानात जाण्याआधी एवढं बघून घ्या

मंगळवार पेठेतल्या एका जुन्या घरात आजींनी मला बोलावलं होतं ते बल्ब बदलायला. निघताना म्हणाल्या, "बाळा, नळाला हात लावला की मुंग्या येतात बघ." नळाला टेस्टर लावला, तर तो मिणमिणला. गिझरचा प्लग उघडला. हिरवी वायर मागं दुमडून तिला टेप गुंडाळलेली, तिसऱ्या पिनेला काहीच जोडलेलं नव्हतं. त्या दिवसापासून न्हाणीघराचं काम आलं की लाइटचा विषय मी शेवटी काढतो, आधी अर्थिंग बघतो, म्हणजे गळलेला करंट जमिनीत नेणारी ती हिरवी वायर.

तुम्हीही वायरमनला मीटर लावून दाखवायला सांगा. फेज (करंट आणणारी वायर) आणि अर्थिंग यांच्यात साधारण 230 व्होल्ट दिसले पाहिजेत. बरेच कमी दिसले, तर अर्थिंग कच्चं आहे.

मग आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा खटका, 30 मिलीअँपियरचा. "आमच्याकडं एमसीबी आहे की," असं बरेच जण सांगतात. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. लाइटचा 6 अँपियरचा एमसीबी माणसाला शॉक बसला म्हणून पडत नाही, कारण जीव जायला त्याच्या शंभराव्या हिश्श्याएवढा करंटही पुरतो. आरसीसीबी मात्र गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांची तुलना करतो आणि फरक दिसला की पडतो. आपल्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये भिंती ओल धरतात, तेव्हा तो सारखा पडायला लागतो आणि लोक म्हणतात, "तो काढून डायरेक्ट करून टाका." मी करत नाही. तो पडतोय म्हणजे कुठंतरी करंट ओलीतून झिरपतोय. ती जागा शोधायची. बहुतेक वेळा जुना होल्डर किंवा बोर्ड निघतो, आतले पितळी स्क्रू हिरवे पडलेले. 2019 च्या महापुरात ज्या घरांत पाणी शिरलं, तिथं बुडालेली बटणं नुसती वाळवून परत वापरू नका, असं मी प्रत्येकाला सांगितलं. आतला गाळ निघत नाही.

बटणं दाराबाहेर. यात मी तडजोड करत नाही. साबणाचा ओला हात बटणापर्यंत पोचताच कामा नये. फेजची वायर बटणातून गेली पाहिजे. बटणानं न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर तोडली, तर लाइट बंद दिसतो पण होल्डरमध्ये करंट असतोच. गिझरला बाहेरच 20 अँपियरचं डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारं) बटण घ्या, दिव्यासकट, आणि स्वतंत्र 4 स्क्वेअर एमएमची वायर ओढून घ्या.

आता लाइट. खोक्यावर आयपी नंबर बघा, धूळ-पाणी किती अडवतो ते सांगणारा; त्यातला दुसरा आकडा पाण्याचा. आरशावर किंवा शॉवरपासून लांब असेल, तर आयपी 44 चालतो. शॉवरजवळ आयपी 65 घ्या. पाच बाय सातच्या न्हाणीघराला 9-10 वॅटचा एलईडी भरपूर होतो. उघडा बल्ब नको. गिझरच्या वाफेचं पाणी होल्डरमध्येच साठतं. बसवताना वायर खालून किंवा बाजूनं आत घ्या. वरून घेतली, तर पाणी वायरीवरून ओघळून थेट आत जातं. लाइट आणि भिंत यांच्यातल्या फटीत सिलिकॉन वरून आणि दोन्ही बाजूंनी भरा, खालची कड मोकळी ठेवा, म्हणजे आत गेलेलं पाणी बाहेर येईल.

एक गोष्ट हमखास सुटते. न्हाणीघराचा लाइट इन्व्हर्टरवर असेल, तर मेन बंद केला तरी तिथं करंट असतो, आणि ती लाइन बऱ्याच घरांत आरसीसीबीच्या बाहेरच राहिलेली असते. बल्बला हात लावण्याआधी इन्व्हर्टरही बंद करा.

काम झालं की पैसे देण्याआधी वायरमनसमोर आरसीसीबीवरचं 'टी' लिहिलेलं छोटं बटण दाबा. खटका लगेच पडला पाहिजे. नाही पडला, तर त्याला तिथंच थांबवून घ्या. पुढं दर महिन्याला तुम्ही स्वतः दाबून बघा.