दम्याचा पंप कसा ओढावा

दम्याचे निदान झाले की घरात पहिला प्रश्न येतो, "पंपाची सवय तर लागणार नाही ना?" या भीतीपोटी अनेक जण गोळी मागून घेतात. श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉल या औषधाची एक गोळी 4 मिलिग्रॅमची असते, तर पंपाच्या एका फवाऱ्यात तेच औषध 100 मायक्रोग्रॅम, म्हणजे गोळीच्या चाळिसाव्या हिश्शाइतके असते. गोळी पोटातून रक्तात आणि मग सर्व अंगभर जाते, म्हणून हात थरथरतात आणि छाती धडधडते. फवारा मात्र जिथे काम आहे तिथेच थेट पोहोचतो, अर्थात तो नीट ओढला तर.

त्याआधी हा दमाच आहे याची खात्री करून घ्यावी. दम्यात श्वासनलिकांना आतून सूज येते, त्यांच्याभोवतीचे स्नायू आवळतात आणि चिकट कफ साचतो; त्यामुळे छातीत सुंईसुंई आवाज येतो, धाप लागते आणि खोकला बहुधा रात्री किंवा पहाटे उठवतो. हा त्रास येऊन-जाऊन असतो. चाळिशीनंतर हळूहळू वाढत गेलेली आणि कधीच पूर्ण न उतरणारी धाप असेल, त्यातही विडी-सिगारेट ओढणाऱ्याला किंवा वर्षानुवर्षे चुलीपुढे बसलेल्या बाईला, तर तो सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा फुफ्फुसांचा आजार असू शकतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला, सोबत बारीक ताप आणि वजनात घट असेल, तर क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी करावी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. दम्याची शंका असल्यास स्पायरोमेट्री करतात. नळीत जोराने फुंकायचे, औषध घ्यायचे आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा फुंकायचे. दुसऱ्या खेपेला फुंकलेल्या हवेचा आकडा 12 टक्क्यांनी आणि 200 मिलिलिटरने वाढला, तर नलिका औषधाने मोकळ्या होतात हे दिसते.

औषधे दोन प्रकारची असतात आणि सर्वाधिक घोटाळा इथेच होतो. साल्ब्युटामॉल काही मिनिटांत नलिका मोकळ्या करते, पण सूज तशीच राहते. सूज उतरवणारे औषध म्हणजे ब्युडेसोनाइडसारखे ओढायचे स्टिरॉइड. ते रोज घ्यावे लागते आणि त्याचा गुण यायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. लगेच आराम पडत नाही म्हणून लोक हेच बंद करतात आणि साल्ब्युटामॉलवर भागवतात. नुसत्या साल्ब्युटामॉलवर दमा रेटणे धोक्याचे आहे; 2019पासून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्येही मोठ्या माणसांसाठी तसे करू नये असे सांगितले जाते.

आता प्रत्यक्ष कृती. पंप आधी नीट हलवावा, मग ताठ बसून किंवा उभे राहून श्वास सावकाश पूर्ण सोडावा. तोंडातला भाग दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटावेत. श्वास आत घ्यायला सुरुवात होताच डबी एकदाच दाबावी आणि तोच श्वास चार-पाच सेकंद हळू, खोल घेत राहावा. मग पंप बाजूला करून मनात दहा आकडे म्हणेपर्यंत श्वास रोखावा. दुसरा फवारा अर्ध्या ते एका मिनिटाने घ्यावा. तोंडातून किंवा नाकातून पांढरा धूर निघताना दिसला, तर औषध छातीत गेलेच नाही असे समजावे. स्टिरॉइडनंतर चूळ भरून पाणी थुंकून टाकावे, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते.

दाबणे आणि ओढणे यांचा मेळ बसत नसेल, तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लॅस्टिकची पोकळ नळी, वापरावा. माझ्या मते तो मोठ्यांनीही वापरावा, त्यात कमीपणा काही नाही. लहान मुलाला तो मास्कसह द्यावा. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून धुवावा आणि फडक्याने न पुसता तसाच वाळू द्यावा, कारण पुसल्याने प्लॅस्टिकवर स्थिर वीज येते आणि औषध भिंतींना चिकटते. कॅप्सूलच्या भुकटीचे यंत्र असेल तर रीत नेमकी उलटी आहे: तिथे श्वास जोरात आणि झटक्यात ओढावा लागतो, आणि यंत्रात फुंकर मारायची नसते.

उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, फोडणीचा ठसका, जुन्या गोधड्यांतली धूळ, गाजर गवताचे पराग, यांपैकी आपल्याला कशाने त्रास होतो ते वहीत टिपून ठेवावे. मृग नक्षत्राच्या सुमारास हैदराबादला दम्यासाठी जिवंत मासा गिळायला रांगा लागतात. कुणाला जायचेच असेल तर पंप खिशात ठेवून जावे.

पूर्ण वाक्य बोलता येत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल किंवा ओठ निळसर पडले असतील, तर तो मोठा झटका आहे. माणसाला आडवे न करता बसवावे, 108ला फोन करावा आणि तोवर साल्ब्युटामॉलचा एकेक फवारा अर्ध्या ते एका मिनिटाच्या अंतराने, शक्यतो स्पेसरमधून, दहापर्यंत द्यावा.

अशा वेळी पंप रिकामा निघू नये म्हणून डबीवर सुरू केल्याची तारीख लिहावी. 200 फवाऱ्यांचा रोजचा पंप दिवसाला चार फवाऱ्यांच्या हिशेबाने 50 दिवस पुरतो. हलवल्यावर आत काहीतरी खुळखुळते म्हणून औषध शिल्लक आहे असे धरू नये, कारण औषध संपल्यानंतरही डबीतून वायू येत राहतो.