भीती गेल्यावर करू म्हणता? या चुका टाळा

धरणगावच्या बाजारात दिवसभर गिऱ्हाइकांशी घासाघीस करणारी बाई बँकेच्या काउंटरपुढे गेली की गप्प होते. घरी अहिराणीत गप्पांचा फड रंगवणारा पारोळ्याचा मुलगा पुण्याच्या मुलाखतीत दोन वाक्यांत आटोपतो. दोघांच्या मनात एकच: "लोके काय म्हनतीन?" ही भीती कमी होऊ शकते, पण तिच्यावर आपण करतो ते बरेच उपाय तिला उलट बळ देतात.

टाळणं

"आज नको, उद्या जाऊ" म्हटलं की छातीतली धडधड लगेच थांबते. घात इथेच होतो. काउंटरवर खरंच काय झालं असतं हे मनाला कळत नाही, गेलो नाही म्हणून वाचलो एवढंच कळतं. पुढच्या वेळी पाऊल आणखी जड होतं. म्हणून भीती जायची वाट पाहू नका, ती असतानाच जा. थोडा वेळ तिथेच थांबलात तर बहुतेक वेळा ती आपोआप उतरते. ऐन भरात असताना पळालात, तर मन जुनंच शिकतं.

टाळण्याचं एक रूप मायेतून येतं. "भाऊ बोलेल, तू फक्त सही कर." काम होतं, पण धीर भावाच्याच खात्यात जमा होतो. सोबत एकदम तोडू नका. आधी भाऊ शेजारी, पण बोलणं तुमचं. मग तो बँकेच्या दाराशी. मग घरी. ही पायऱ्यांची रीत जुनी आहे. सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाची हकीकत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी 1924 मध्ये प्रसिद्ध केली. तो आवडीचं खात असताना ससा हळूहळू जवळ आणत गेले, आणि शेवटी पीटर त्याच्याशी खेळू लागला.

याच्या उलट, नुकती स्कूटी शिकलेल्या मुलीला थेट एरंडोलच्या महामार्गावर ट्रकांमध्ये घालणं. भीती मोडत नाही, मुलगी स्कूटी सोडते.

बोलीची लाज

हे मला फार लागतं. लहानपणी "शुद्ध बोल" म्हणून हसलेलं पोरं विसरत नाहीत. मग मोठेपणी वाक्यं पाठ करून मुलाखतीला जातात, आणि एक शब्द निसटला की सगळं विसरतात. वाक्यं पाठ करू नका. तीन मुद्दे लक्षात ठेवा, ते मोठ्याने वेगवेगळ्या शब्दांत सांगून पाहा, हेल आपला असू द्या. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांनी आपल्याच बोलीत गाणी रचली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

सगळ्या भीतीला "अंग सैल सोड"

सुई किंवा रक्त पाहून चक्कर येणाऱ्यांना हा सल्ला चालत नाही. त्यांचा रक्तदाब अचानक उतरतो. त्यांनी सुई टोचायचा हात सैल ठेवून दुसरा हात, पाय आणि पोटाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद आवळावेत, सोडावेत, पुन्हा आवळावेत. नर्सला आधीच सांगून आडवं झालं तर आणखी बरं.

भीतीमुळे घराबाहेर पडणं, झोप किंवा कामधंदा अडत असेल तर एकट्याने झुंजत बसू नका. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.