पावसाळी सायकल वेगळी ठेवताय? या चुका टाळा

जूनमध्ये गगनबावड्याच्या रस्त्याला एकदा भिजून आलं, की दुसऱ्या दिवशीचा चेनचा कर्रकर्र आवाज ऐकून माणूस वेगळ्या सायकलीचा विचार करायला लागतो. युरोपात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, त्यानं सायकल गंजते, म्हणून तिकडं हिवाळ्याची सायकल वेगळी असते. आपल्याकडं मीठ नाही, पण चिखलातली वाळू चेन घासून खाते.

पहिली चूक म्हणजे माळ्यावरची काळी सायकल काढून मोकळं होणं. तिचे मडगार्ड आणि चेनकव्हर पावसाला एक नंबर, पण लोखंडी रिम ओली झाली की दांडीचा ब्रेक जवळपास लागतच नाही. रंकाळ्याला चक्कर मारायला ठीक. पन्हाळा उतरताना जीव टांगणीला. ॲल्युमिनियमच्या रिमची जुनी सायकल घ्या. तिलाही पावसात ब्रेक उशिराच लागतो, आधी रिमवरचं पाणी पुसलं जातं, म्हणून वळणाच्या बऱ्याच आधीपासून हलका दाबत राहा. घरी आल्यावर ब्रेकचे रबर बघा. त्यात चमकणारे कण रुतलेले असतील तर टाचणीनं उकरून काढा, नाहीतर तेच रिम कापतात.

मडगार्डात काटकसर नको. सीटखाली अडकवायचं वीतभर प्लॅस्टिक फक्त पाठ वाचवतं. पुढच्या चाकाचा चिखल थेट चेनवर आणि बुटांवर येतो, त्यामुळं पुढचं मडगार्ड पूर्ण हवं आणि त्याला खाली लोंबणारा रबराचा तुकडा हवा. जुन्या ट्यूबचा कापून लावला तरी चालतो.

चेन वाजायला लागली की स्प्रे मारायचा, ही सगळ्यात लाडकी चूक. गंज सोडवायचा पातळ स्प्रे आतलं तेल धुऊन काढतो. चेन पुसून, वाळवून प्रत्येक कडीवर पावसाळी दाट तेलाचा थेंब सोडा आणि वरचं पुसून घ्या. वर राहिलेलं तेल वाळू धरतं. डिस्क ब्रेक असेल तर त्या चकतीवर तेलाचा शिंतोडाही नको.

चेन संपली का, ते साध्या पट्टीवर कळतं. एका पिनेच्या मध्यापासून पुढं 24 पिना मोजा. नव्या चेनमध्ये बरोबर 12 इंच भरतात. अर्धं सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, जास्त भरलं तर चेन बदला. एक सूत होईपर्यंत थांबलात, तर मागचे दातेही बदलायची पाळी येते.

वॉशिंग सेंटरवर प्रेशरनं धुऊ नका, छर्ऱ्यांतलं ग्रीस जाऊन तिथं पाणी बसतं. आणि सीटचा पाइप दर महिन्याला काढून ग्रीस लावा. मी दोन पावसाळे तो हलवलाच नाही. शेवटी फ्रेम शिकंज्यात धरून दोघांनी पिळून काढला.

दसरा झाला म्हणून चांगली सायकल लगेच बाहेर काढायची घाई असते. पण मग उसाचा हंगाम सुरू होतो. ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातली काळी माती डांबरावर येते, पहाटेच्या दवानं ती निसरडी होते आणि ट्रॉलीतून पडलेले ऊस धुक्यात दिसत नाहीत. पंचगंगेकाठच्या रस्त्यांना गाळप संपेपर्यंत मी मडगार्डवाली सायकलच नेतो, टायरमध्ये हवाही जरा कमी ठेवतो.