रात्रीची दारू सकाळी उतरलेली असते का? गाडी काढण्याआधीचा हिशोब

झोप झाली, आंघोळ झाली, कडक चहा झाला, म्हणजे दारू उतरली असं धरून सकाळी सातला गाडी काढणारे पुष्कळ असतात. डोकं हलकं असतं, तोंडाला वास येत नाही, आणि रक्तात मात्र अजून भरपूर अल्कोहोल असू शकतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा आहे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. आपण तिच्या वर आहोत की खाली, हे अंगाला कळत नाही. ते कागदावर काढावं लागतं, आणि त्यासाठी गुणाकार-भागाकार पुरतो.

आधी ग्रॅम काढा

बाटलीचं लेबल वाचा. व्हिस्की, रम, व्होडका यांवर बहुतेक वेळा ४२.८% असतं, कधी त्याच्या शेजारी २५° यू.पी. (अंडर प्रूफ) असंही छापलेलं असतं. दोन्हींचा अर्थ एकच. जुन्या ब्रिटिश मापात १०० प्रूफ म्हणजे ५७.१ टक्के, त्याच्या २५ अंश खाली, म्हणजे ७५ प्रूफ, हे ४२.८ टक्के होतात. हे टक्के घनफळाचे आहेत, वजनाचे नाहीत. इथेनॉल, म्हणजे दारूतलं अल्कोहोल, पाण्यापेक्षा हलकं असतं, एक मिली भरतं जेमतेम ०.७९ ग्रॅम. म्हणून सूत्र असं:

ग्रॅम = प्यायलेले मिली × टक्के ÷ १०० × ०.७९

साठचे दोन पेग (लार्ज) म्हणजे १२० मिली, त्यात साधारण ४०.५ ग्रॅम. आता ६५० मिलीची आठ टक्क्यांची स्ट्राँग बिअर याच सूत्रात घाला: ४१ ग्रॅम येतात. म्हणजे एक स्ट्राँग बाटली दोन लार्ज पेगांच्या बरोबरीची आहे. ‘मी फक्त बिअर घेतली’ या वाक्यावर रस्त्यावरची किती माणसं विसंबून असतात, त्यासाठी हा एक आकडा पाठ करून ठेवावा. पाच टक्क्यांच्या माइल्ड बाटलीत २५.७ ग्रॅम येतात, १३ टक्के वाइनच्या १५० मिली ग्लासात १५.४.

चूक होते ती मोजण्यात. बारमध्ये पेग मापाने ओततात. घरी किंवा शेतावर बसलं की डोळ्यांनी ओततात, आणि तो ‘साठ’ सहज नव्वदचा होतो. ग्लास मोजू नका, बाटलीत किती उरली ते बघा. गेलेली दारू भागिले पिणारी माणसं, आणि आपण जास्त घेतली असेल तर आपल्या नावावर जास्त.

हातभट्टीला हा हिशोब लागूच पडत नाही. तिचे टक्के कुणालाच माहीत नसतात, आणि तीत मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल मिसळलेलं असू शकतं. २०१५ साली मुंबईत मालवणीमध्ये शंभराहून अधिक माणसं त्यानेच गेली. मिथेनॉलचं यकृतात फॉर्मिक आम्ल होतं आणि ते डोळ्यांच्या नसेवर घाला घालतं. लक्षणं बहुधा बारा ते चोवीस तासांनी दिसतात: धूसर दिसणं, पोटात कळा, धाप. असं झालं तर लिंबूपाणी देत बसू नका, थेट मोठ्या रुग्णालयात न्या आणि काय प्यायलं ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

मग रक्तातलं प्रमाण

अल्कोहोल चरबीत फारसं शिरत नाही, शरीरातल्या पाण्यात पसरतं. पुरुषाच्या वजनाला ०.६८ ने आणि बाईच्या वजनाला ०.५५ ने गुणायचं, कारण सरासरीने बायकांच्या शरीरात पाण्याचा वाटा कमी असतो. स्वीडनच्या एरिक विडमार्क यांनी मांडलेली ही पद्धत न्यायवैद्यक शास्त्रात आजही वापरतात.

मिलिग्रॅम (१०० मिली रक्तात) = ग्रॅम × १०० ÷ (वजन किलोत × ०.६८ किंवा ०.५५)

सत्तर किलोच्या पुरुषाने दोन लार्ज घेतले: ४०५० ÷ ४७.६, म्हणजे ८५. पंचावन्न किलोच्या बाईने एकच लार्ज घेतला तरी ६७. वाइनचा एक ग्लास सत्तर किलोच्या पुरुषाला ३२ पर्यंत नेतो. ढेरी सुटलेली असेल तर ०.६८ ऐवजी ०.६ धरा, चरबीचं वजन इथे उपयोगी पडत नाही.

आणि तास

यकृत ताशी साधारण १५ मिलिग्रॅम उतरवतं. काहींचं २० ने, काहींचं १० ने. आपलं कोणतं हे घरबसल्या कळत नाही, म्हणून १० च धरावं. आलेल्या आकड्याला १० ने भागा, तितके तास शेवटचा ग्लास संपल्यापासून मोजा.

एक क्वार्टर, १८० मिली, सत्तर किलोचा पुरुष, रात्री अकराला संपवली. ६१ ग्रॅम, म्हणजे १२८ मिलिग्रॅम. सकाळी सातला आठ तास होतात. ताशी १५ ने उतरलं तर उरतात ८. ताशी १० ने उतरलं तर उरतात ४८, आणि तो माणूस छान झोप काढून, दाढी करून, पोराबाळांना मागे बसवून कायदा मोडत निघालेला असतो. त्याची गाडी दुपारी बारानंतरच निघायला हवी.

हिशोब शून्यापर्यंत करा, ३० पर्यंत नव्हे. पंचवीसवरही समोरच्या ट्रकचा वेग आणि आपलं अंतर यांचा अंदाज चुकू शकतो. सर्दीची किंवा झोपेची गोळी घेतली असेल तर थोडक्या दारूनेही गुंगी वाढते.

कॉफीने माणूस जागा होतो, रक्तातलं प्रमाण तेवढंच राहतं. थंड पाणी, ताक, लिंबू, ओकारी काढणं यांनी रक्तात गेलेलं अल्कोहोल बाहेर येत नाही. घाम आणि लघवीवाटे जातं ते अगदी थोडं. पोटभर जेवून प्यायल्यास चढते हळू आणि कमी, पण त्या भरवशावर तास कापू नका.

नाकाबंदीत फुंकताना

यंत्रात प्लॅटिनम लावलेली छोटी चकती असते. श्वासातल्या इथेनॉलचं तिच्यावर ऑक्सिडीकरण होतं आणि वीज निर्माण होते. जितकी वीज, तितकं अल्कोहोल. हा आकडा २१०० ने गुणून रक्ताचा अंदाज दाखवतात. म्हणजे तोंडात अल्कोहोल असेल तर आकडा उगाच फुगतो. माउथवॉश, खोकल्याचं औषध, होमिओपॅथीचे थेंब नुकतेच घेतले असतील तर लगेच सांगा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा चाचणी मागा. खरंच दारू घेतली असेल तर पंधरा मिनिटांनी फारसं काही बदलत नाही. नळी नवीन मागा, आकडा स्वतः बघा, एका दमात शेवटपर्यंत फुंका. अर्धवट फुंकलं की यंत्र नमुना नाकारतं.

नकार देऊ नका. कलम २०३ खाली विनावॉरंट अटक होऊ शकते. दारू पिऊन गाडी चालवण्याच्या पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास १५,००० रुपये दंड, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. अपघात झाला असेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा दावाही फेटाळला जाऊ शकतो.

अटक झाली तर दोन तासांत वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, असं कलम २०२ सांगतं. रक्त नोंदणीकृत डॉक्टरच घेतील; बाईचं रक्त पुरुष डॉक्टर घेत असतील तर दुसरी बाई हजर हवी. सुई टोचण्याआधी कातडी स्पिरिटने पुसू देऊ नका, बिनअल्कोहोलचं जंतुनाशक मागा. रक्ताच्या नळीत सोडियम फ्लोराइड असायला हवं, नाहीतर साठवणीत जंतूंमुळे अल्कोहोल कमी-जास्त होतं. नळीवर सील लागताना तारीख, वेळ आणि आपलं नाव बरोबर लिहिलंय का ते वाचून घ्या.