छोट्या कॉलेजची विद्यार्थी परिषद: जुन्यांकडून नव्यांकडे कारभार कसा सोपवायचा

छोट्या कॉलेजात विद्यार्थी परिषद दर वर्षी जवळजवळ शून्यापासून सुरू होते. अध्यक्ष, सचिव, खजिनदार तिघेही शेवटच्या वर्षाचे. निवडणूक होते वर्ष संपता संपता, आणि निकाल लागतो तेव्हा मावळत्या मंडळींचं सगळं लक्ष परीक्षेत असतं. एक फाइल, एक किल्ली आणि ‘काही लागलं तर फोन कर’ एवढ्यावर कारभार सोपवला जातो. सुट्टीनंतर नवा खजिनदार बँकेत जातो, तेव्हा कळतं की खात्यावर सह्या अजून जुन्यांच्याच आहेत. मोठ्या विद्यापीठात अशा वेळी परिषदेच्या कार्यालयातला पगारी कर्मचारी सांभाळून घेतो. इथे असा कर्मचारी नसतो, त्यामुळे माणूस गेला की माहितीही गेली.

आधी तारखा ठरवा

वर्षाच्या शेवटच्या परीक्षेपासून उलटं मोजत या. निवडणूक परीक्षेच्या 8 ते 10 आठवडे आधी व्हावी. निकालानंतर 4 आठवडे दोन्ही मंडळांनी बरोबर काम करावं. अधिकृत बदल परीक्षेच्या किमान 3 आठवडे आधी उरकावा. त्यानंतर कोणीही बैठकीला येत नाही, हे गृहीतच धरा.

या 4 आठवड्यांत मतदानाचा आणि सहीचा अधिकार जुन्या मंडळाकडेच राहतो, मात्र एका बंधनासह: निकाल लागल्यावर नवा करार नाही, नवी मोठी खरेदी नाही, पुढच्या वर्षाच्या पैशातून कुणाला शब्द देणं नाही. आधी मंजूर झालेली कामं पूर्ण करायला हरकत नाही. हे बंधन नियमावलीत लिहून ठेवा. नाही तर जाता जाता निरोप समारंभावर उरलेली सगळी शिल्लक उडते, आणि नव्या मंडळाच्या हाती पहिल्या कार्यक्रमाच्या फलकापुरतेही पैसे उरत नाहीत.

सगळे एकदम बाहेर पडतात, ही मूळ अडचण जागांच्या रचनेतूनच सोडवावी लागते. 11 जणांची परिषद असेल, तर किमान 4 जागा खालच्या वर्गांसाठी राखून ठेवा. उपखजिनदार हे पद तर खालच्याच वर्गातल्या विद्यार्थ्याला द्या. तो पुढे खजिनदार झाला पाहिजे असं काही नाही. गेल्या वर्षीच्या पावत्या कुठे आहेत आणि मंजुरी कुणाकडून कशी मिळते, हे सांगणारा एक माणूस कॉलेजात उरला तरी पुरे.

हस्तांतरणाची टिपणी

प्रत्येक पदाधिकाऱ्याने 2 ते 4 पानांची टिपणी लिहायची. त्याहून मोठी कोणी वाचत नाही, आणि एका पानात नुसतं ‘संवाद महत्त्वाचा आहे’ असलं काहीतरी भरलेलं असतं. टिपणीत हे असावं:

- महिनावार कामं: कोणत्या महिन्यात कोणता अर्ज, कोणती परवानगी, कोणती मुदत.
- कोणत्या कामाला कोण लागतं: सभागृहाची नोंदणी, ध्वनियंत्रणा, छपाई, सुरक्षा, हिशेब. नावाबरोबर पद आणि किती दिवस आधी विचारायचं हेही.
- अर्धवट कामं: काय झालंय, कुठे अडलंय, पुढचं पाऊल कोणतं.
- दिलेले शब्द: क्लबांना, विभागांना, विक्रेत्यांना तोंडी काय सांगितलंय.
- करून पाहिलं आणि जमलं नाही, आणि ते का.

यातला चौथा मुद्दा हमखास गळतो. नव्या मंडळाला पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त मनस्ताप त्याचाच होतो. ‘गेल्या वेळच्या अध्यक्षांनी आम्हाला अर्धा खर्च देऊ असं सांगितलं होतं’, असं म्हणत नाटकाचा क्लब दारात उभा राहतो, आणि खरंखोटं ठरवायला कागद नसतो. म्हणून एक नियम जाहीर करून टाका: ठराववहीत नसलेला शब्द नव्या मंडळावर बंधनकारक नाही. हा नियम मावळत्या मंडळानेच जाहीर करावा. म्हणजे ज्यांना शब्द दिलाय त्यांना तो वेळेत ठरावात आणून घेता येतो, आणि वाईटपणा नव्यांच्या माथी येत नाही.

टिपणी शेवटच्या आठवड्यात लिहायला बसू नका. वर्षाच्या मध्यावर पहिला मसुदा आणि निवडणुकीआधी दुसरा, असं ठरवलं की ती खरोखर लिहून होते. निवडणुकीला उभं राहणाऱ्यांनाही मसुदा वाचायला द्या. पदावर नेमकं काय करावं लागतं हे आधी कळलं, तर निवडून आल्यावर दोन महिन्यांत राजीनामा देणारे कमी होतात.

ठराववही वेगळी ठेवा. इतिवृत्तात चर्चा शब्दशः लिहायची गरज नाही. उपस्थिती, ठराव, सूचक, अनुमोदक, मतांची संख्या, काम कोणाकडे आणि कधीपर्यंत, एवढं लिहा. प्रत्येक ठरावाला बैठकीचा आणि ठरावाचा क्रमांक द्या, उदाहरणार्थ 7/2, म्हणजे सातव्या बैठकीतला दुसरा ठराव. पुढे हिशेबाच्या व्हाउचरवर हाच क्रमांक घातला, की कोणता खर्च कोणी मंजूर केला ते एका मिनिटात सापडतं.

पैसे आणि सह्या

इथे घाई करू नका. परिषदेचं स्वतंत्र खाते असेल, तर तीन जणांना सहीचा अधिकार आणि कोणत्याही दोघांच्या सह्या आवश्यक, ही व्यवस्था बरी. तिसरी सही मार्गदर्शक प्राध्यापकांची किंवा कॉलेजच्या लेखा विभागातल्या कुणाची ठेवा. दोन्ही विद्यार्थी एकदम गेले, तरी निदान एक माणूस जागेवर राहतो. सह्या बदलण्यासाठी बँकेला साधारणपणे ठरावाची प्रत, नव्या व्यक्तींची ओळखपत्रं आणि नमुना सह्या लागतात. कित्येकदा जुन्यांनाही हजर राहावं लागतं. त्यामुळे अर्ज निकालानंतरच्या पहिल्याच आठवड्यात द्या. कोऱ्या चेकवर सह्या करून ठेवण्याची पळवाट बऱ्याच ठिकाणी चालते. ती बंद करा. चेक हरवला तर जबाबदारी त्या सहीच्या माणसावर येते, आणि तो तेव्हा भलत्याच गावात नोकरी करत असतो.

खजिनदाराने नुसती बँकेतली शिल्लक सांगून भागत नाही. समजा खात्यात 42,300 दिसतात. त्यातले 6,500 चे चेक दिलेत पण अजून वटलेले नाहीत. 9,000 चं छपाईचं बिल यायचं आहे. शिवाय क्रीडा क्लबाकडे 4,000 आगाऊ दिलेत आणि त्यांचा हिशेब आलेला नाही. मग नव्या मंडळाला वापरता येणारी रक्कम 26,800 आहे. ते 4,000 तर आधीच खात्यातून गेलेत. ते पुन्हा वजा करायचे नाहीत. पण पावत्या किंवा उरलेले पैसे वसूल होईपर्यंत ते येणे म्हणून यादीत राहतात. हा ताळमेळ एका पानावर मांडा, आणि त्यावर जुना खजिनदार, नवा खजिनदार आणि प्राध्यापक अशा तिघांच्या सह्या घ्या.

शिल्लक पुढच्या वर्षात नेता येत असेल, तर वार्षिक निधीचा 15 ते 20 टक्के भाग नव्या मंडळाच्या पहिल्या दोन महिन्यांसाठी राखून ठेवा. नवा निधी मंजूर होऊन हातात पडायला वेळ लागतो आणि स्वागताचे कार्यक्रम मात्र सुरुवातीलाच असतात. न वापरलेला निधी कॉलेज परत घेत असेल, तर त्याच स्वागतासाठी लागणारं टिकाऊ सामान आधीच घेऊन ठेवणं शहाणपणाचं. ही खरेदी निवडणुकीपूर्वी, ठरावाने.

खाती आणि पासवर्ड

परिषदेचा ईमेल पदाच्या नावाने हवा, व्यक्तीच्या नावाने नको. शक्यतो तो कॉलेजच्या व्यवस्थेतूनच मागून घ्या. गुगल ड्राइव्हवरच्या फाइलींची मालकी ज्याने त्या बनवल्या त्याच्याकडे असते. त्याचं खातं बंद होऊन डिलीट झालं की फाइलीही जातात. कॉलेजने दिलेल्या खात्यातून बाहेरच्या वैयक्तिक जीमेलवर मालकी देता येत नाही, त्यामुळे अशा फाइलींची प्रत काढून घ्यावी लागते. शिक्षण संपल्यावर विद्यार्थ्यांची खाती कधी बंद होतात, ती तारीख संगणक विभागाला विचारून टिपणीत लिहा.

पासवर्ड बदलला की झालं, असं समजू नका. खरी गोची दुहेरी पडताळणीची असते: कोड जातो गेल्या वर्षीच्या सचिवाच्या फोनवर. दोघांनी समोरासमोर बसा आणि प्रत्येक खात्यात पासवर्ड, रिकव्हरी फोन, रिकव्हरी ईमेल आणि पडताळणीचा फोन या चारही गोष्टी बदला. मग ‘सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट’ करा. गुगल खात्याचे 10 बॅकअप कोड छापून बंद पाकिटात प्राध्यापकांकडे ठेवा. प्रत्येक कोड एकदाच चालतो. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये जुन्या ॲडमिनने बाहेर पडण्याआधी नव्यांना ॲडमिन करावं. एकमेव ॲडमिन तसाच निघून गेला, तर कोणाला तरी आपोआप ॲडमिनपद मिळतं, आणि तो परिषदेतला असेलच असं नाही.

एक गोष्ट मात्र मुद्दाम सोपवायची नाही: विद्यार्थ्यांच्या वैयक्तिक तक्रारी. ज्याने मावळत्या अध्यक्षावर विश्वास ठेवून काही सांगितलं, त्याने नव्या अध्यक्षाला सांगितलेलं नसतं. छोट्या कॉलेजात तर नवा अध्यक्ष त्याच तक्रारीतल्या एखाद्याचा रूममेटही निघू शकतो. चालू प्रकरणं तक्रारदाराला विचारून प्राध्यापकांकडे किंवा संबंधित समितीकडे द्या. नव्यांना द्यायची ती फक्त प्रकारवार संख्या.

दोन्ही मंडळांचे चार आठवडे

पहिल्या आठवड्यात पदनिहाय जोड्या बसतात आणि टिपणी ओळीओळीने वाचतात. नव्याने प्रश्न लिहून काढायचे, जुन्याने उत्तरं टिपणीत भरायची. दुसऱ्या आठवड्यात भेटीगाठी: प्राचार्य, लेखा विभाग, सभागृहाची नोंदणी ज्यांच्याकडे आहे ते. जुन्याने सोबत जावं, ओळख करून द्यावी आणि गप्प बसावं. तिसऱ्या आठवड्यातली बैठक नव्या अध्यक्षाने चालवावी, विषयपत्रिकाही त्यानेच काढावी. मतदान जुनेच करतील. चौथ्या आठवड्यात सामानाची मोजदाद: किल्ल्या, शिक्का, माइक, स्पीकर, केबल, फलक. किल्ल्यांची वेगळी वही करा. किती किल्ल्या निघाल्या आणि किती परत आल्या हे जुळलं नाही, तर कुलूप बदलणंच स्वस्त पडतं.

पुढच्या वर्षीच्या सभागृहाच्या तारखा याच काळात नोंदवा. सुट्टीनंतर सगळे क्लब एकाच वेळी रांगेत असतात.

नवे निवडूनच जुन्यांच्या विरोधात आले असतील, तर समोरासमोर बसणं अवघड जातं. तरीही ते टाळू नका. प्राध्यापकांसमोर, यादी हातात घेऊन, एकेका ओळीवर दोघांच्या सह्या करत जा. धोरणावरचा वाद त्या खोलीत काढायचा नाही. वस्तू, पैसे आणि मुदती यांच्या यादीवर मतभेदाला फारशी जागा नसते.

उलट टोकही असतं: जुना अध्यक्ष जातच नाही. प्रत्येक बैठकीला येतो, ‘आमच्या वेळी’ सुरू करतो. त्याला ‘सल्लागार’ असं पद देऊन प्रश्न सुटत नाही, पक्का होतो. बदलानंतर 30 दिवस विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, ग्रुपमधून बाहेर पडायचं आणि बैठकीला बोलावल्याशिवाय यायचं नाही, असा नियम आधीच असला की कोणाला तोंड उघडून सांगावं लागत नाही.

नव्यांचा पहिला महिना

पहिल्या बैठकीत तीनच विषय घ्या: नियमावली एकत्र वाचणं, खर्चाच्या मंजुरीची मर्यादा, वर्षाचं वेळापत्रक. मर्यादा ठरवताना तीन पायऱ्या ठेवा: छोटा खर्च खजिनदार एकटा, मधला खर्च अध्यक्ष आणि खजिनदार मिळून, त्यापुढचा पूर्ण परिषदेच्या ठरावाने. निवडणुकीत दिलेल्या आश्वासनांपैकी एक, महिन्याभरात होण्यासारखं आणि डोळ्यांना दिसणारं, निवडा: वाचनालयाची वाढीव वेळ, बंद पडलेलं पाण्याचं यंत्र, असलं काही. शुल्क आणि अभ्यासक्रमासारखे विषय परिषदेच्या हातात नसतात. तिथे परिषद मागणी मांडू शकते, निर्णय घेऊ शकत नाही, हे पहिल्याच जाहीर सभेत स्पष्ट सांगा.

हरलेल्या उमेदवारांना आठवड्याभरात भेटा आणि समित्यांवर घ्या. ज्याला काम करायची हौस आहे असा माणूस छोट्या कॉलेजात वर्षाला जेमतेम वीसेक मिळतात, त्यातले निम्मे एका पराभवाने घालवणं परवडत नाही.

रिकाम्या जागा आणि गणपूर्ती

काही जागांना उमेदवारच मिळत नाही. अर्जाची मुदत एकदाच, आणि तीही 5 दिवसांनी, वाढवा. पुन्हा पुन्हा वाढवली की निवडणुकीचं गांभीर्य जातं. तरीही जागा रिकामी राहिली, तर नवं वर्ष सुरू झाल्यावर 4 आठवड्यांत पोटनिवडणूक घ्या. नव्याने प्रवेश घेतलेल्यांमधून माणसं मिळतात. उमेदवार एकच असेल तरी बिनविरोध म्हणून सोडून न देता ‘हो’ किंवा ‘नाही’ असं मतदान घेतलेलं बरं.

गणपूर्ती, म्हणजे बैठक वैध ठरायला लागणारी किमान उपस्थिती, एकूण जागांवर मोजायची की भरलेल्या जागांवर, हे नियमावलीत लिहिलेलं नसेल तर आत्ताच लिहा. 11 जागांची परिषद, निम्म्याहून जास्त म्हणजे 6 जणांची गणपूर्ती. तीन जागा रिकाम्या असतील तर उरलेल्या 8 पैकी 6 जण यावे लागतात, म्हणजे तिघे गैरहजर असले की बैठक बाद. भरलेल्या जागांवर मोजलं तर 5 पुरतात. मात्र त्याला खालची मर्यादा हवी, उदाहरणार्थ ‘पण 4 पेक्षा कमी नाही’. नाही तर राजीनाम्यांच्या मोसमात तीन मित्र मिळून वर्षाचा निधी मंजूर करून टाकतील.