रोयणीवरची अळमी काढताना रोयण कशी वाचवायची

गोव्यातल्या आणि सिंधुदुर्गातल्या जंगलांत पावसाळ्यात वारुळांवर, म्हणजे रोयणींवर, उगवणारी अळमी, म्हणजे खाण्याची रानटी अळंबी, टर्मिटोमायसीस वंशातली. धिंगरी अळंबीसारखी ती शेडमध्ये पिकत नाही, कारण तिला जिवंत वाळवी लागते. वाळवी खाल्लेल्या पाल्यापाचोळ्याच्या विष्ठेतून जमिनीखाली स्पंजासारखं पोळं रचते आणि त्यावर ही बुरशी वाढवते. बहुतेक जातींत नव्या वसाहतीतल्या कामकरी वाळव्या बुरशीचे बीजाणू बाहेरूनच गोळा करून आणतात. बाजारात मिटलेल्या कळ्यांना मागणी जास्त, म्हणून छत्री उघडायच्या आत सगळं खुडलं जातं. मग उघडलेल्या छत्रीतून झडणारं हे बियाणं नव्या रोयणींना कुठून मिळणार?

अळमीचं मूळ खाली निमुळतं होत थेट पोळ्यापर्यंत जातं. काठीने उकरलं की पोळं फुटतं, पावसाचं पाणी आत शिरतं. ओढूही नका, धारदार सुरीने देठ जमिनीलगत आडवा कापा, माती तिथेच झटका. रोयणीवर पाय देऊ नका. पूर्ण उघडलेल्या छत्र्या जागेवर राहू द्या, आणि प्रत्येक ठिकाणी निदान एक तृतीयांश अळमी सोडा. मोले, म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव या अभयारण्यांत परवानगीशिवाय काहीच काढायचं नाही.

ओळख पक्की हवी. छत्रीच्या मधोमध टोकदार उंचवटा, जमिनीत लांब मूळ, आणि कागदावर छत्री पालथी घालून वर वाटी झाकून रात्रभर ठेवली तर गुलाबीसर ठसा. ठसा हिरवट आला तर टाकून द्या, ती विषारी आहे. एवढ्या खुणा जुळल्या तरी जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय शिजवू नका.

खरं मोठं नुकसान मात्र सुरीने होत नाही. खाणी, रबर किंवा काजूच्या लागवडीसाठी केलेलं सपाटीकरण, वणवे, वाळवीनाशक: यांत रोयण मुळासकट जाते. सातेरी देवीची म्हणून पुजली जाणारी रोयण कुणी फोडत नाही. बागेतल्या रोयणीलाही तेवढा मान द्यावा. तिच्याभोवतीचा पाचोळा, पडकी लाकडं झाडून जाळू नका, तेच वाळवीचं खाणं. काजूच्या खोडावर मातीचे थर दिसले की लगेच औषध ओतलं जातं. ही वाळवी बहुतेक वेळा वरची मेलेली सालच खात असते. आधी कडक ब्रशने थर खरवडा. क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक रोयणीत कधीच ओतू नका. वाळवी मेली की पोळ्यावर इतर बुरशी माजते आणि पुढच्या पावसात तिथे अळमी येत नाही.