मालिका बघा, पण वही घेऊन बसा

इंग्लंडमधल्या रेडिंगला येऊन मला एकोणीस वर्षं झाली. नव्यानं आलेली मंडळी घरी जेवायला येतात तेव्हा एकच सांगतात: इंग्रजी माध्यमात शिकलो, तरी ऑफिसातलं निम्मं बोलणं डोक्यावरून जातं. त्यांना मी 'यस मिनिस्टर' बघायला सांगतो.

१९८० साली सुरू झालेली ही बीबीसीची विनोदी मालिका. सचिव सर हम्फ्री एखाद्या निर्णयाला 'करेजस' म्हणाले की मंत्र्याला घाम फुटतो. 'कॉन्ट्रोव्हर्शियल' निर्णयानं नुसती मतं जातात, 'करेजस' निर्णयानं निवडणूकच जाते! इथे शब्द असेच ऐकावे लागतात. माझ्या पहिल्या नोकरीत साहेब माझ्या प्रस्तावाला 'इंटरेस्टिंग' म्हणाले. मी खूश होऊन आठवडाभर त्यावर राबलो. तो नकार होता, हे मला कोणी आधी सांगायला हवं होतं. म्हणून तुम्हाला सांगतोय.

खरं व्याकरण 'वुड', 'कुड', 'माइट' यांत आहे. मराठीत आदब क्रियापदातच येते. 'जरा फाइल देता का?' म्हटलं की वेगळं 'प्लीज' लागत नाही. तेच मनातल्या मनात भाषांतर करून 'गिव्ह मी द फाइल' म्हटलं तर हुकूम वाटतो. आपला 'जरा' इंग्रजीत 'कुड यू'मध्ये असतो. मालिकेतली अशी अख्खी वाक्यं वहीत उतरवा, सुटे शब्द नकोत. पहिल्यांदा इंग्रजी सबटायटल्स लावून बघा, दुसऱ्यांदा बंद करून.

कान तयार करायचा तर 'टू रॉनीज' या विनोदी कार्यक्रमातला १९७६चा हार्डवेअरच्या दुकानातला प्रवेश बघा. गिऱ्हाईक 'फोर्क हँडल्स', म्हणजे बागकामाच्या काट्यांचे दांडे मागतं, दुकानदार 'फोर कँडल्स' काढून देतो, म्हणजे चार मेणबत्त्या. सगळी कोटी गिळलेल्या 'ह'वर उभी आहे. घरी प्लंबर आला की हाच गिळलेला 'ह' भेटतो. 'फॉल्टी टॉवर्स' त्यानंतर घ्या, कारण त्यातला हॉटेलमालक बेसिल फार भरभर बोलतो. १९७५ आणि १९७९ मिळून बाराच भाग आहेत, दोन शनिवार-रविवारांत संपतात. 'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस'मधली लंडनच्या पेकहॅम भागातली बोली समजून घ्या, पण तिथला 'एन्ट' ('इझन्ट'ऐवजी वापरतात तो) ईमेलमध्ये लिहू नका. 'प्लॉन्कर' (मूर्ख) हा भावाभावांतला शब्द, सहकाऱ्याला म्हणायचा नाही.

परदेशी लोकांच्या इंग्रजीच्या वर्गावरची 'माइंड युवर लँग्वेज' मात्र मी सुचवत नाही. 'जबान संभालके'मुळे तिचा साचा आपल्या ओळखीचा आहे, पण विद्यार्थ्यांच्या चुकाच डोक्यात बसतात आणि माणसांना त्यांच्या देशावरून हसलेलं मला सोसत नाही.

बीबीसी आयप्लेअरवर बीबीसीचे कार्यक्रम बघायला टीव्ही लायसन्स लागतं, अगदी मोबाइलवर बघितले तरी. घर बदललंत की त्यावरचा पत्ताही लगेच बदलून घ्या.